हात धुवायला वेळ लागतो

सलाईन लावताना नातेवाईक माझ्या हातांकडे बारीक लक्ष ठेवतात, तेव्हा मला बरं वाटतं. नाशिकमध्ये मी नर्स आहे. दवाखान्यातला जंतुसंसर्ग कसा टाळायचा, हे नव्या मुलींना शिकवते.

पेशंट एका दुखण्यासाठी येतो आणि भरती होऊन दोन दिवस उलटल्यावर नवाच ताप चढतो, लघवीला जळजळ होते किंवा टाक्यांतून पू येतो. हा संसर्ग बहुधा इथलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत भरती झालेल्या 100 पेशंटांपैकी सुमारे 15 जणांना तो गाठतो. श्रीमंत देशांत हा आकडा 7 आहे.

धडधाकट कातडी जंतूंना आत येऊ देत नाही. पण सलाईनसाठी शिरेत घातलेली इंट्राकॅथ, लघवीची नळी, व्हेंटिलेटरची नळी, प्रत्येकीने आपण त्यांना वाट करून देतो. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू बऱ्याचदा अनेक औषधांना दाद देत नाहीत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर कॉटच्या कठड्यावरही कित्येक दिवस तग धरतो आणि आमच्या हातांवरून पुढच्या पेशंटकडे जातो. तेच हातमोजे घालून तीन कॉट फिरलं, तर मोजे फक्त आमचे हात राखतात, पेशंटला नाही.

सोनोग्राफीला नेताना लघवीची पिशवी बऱ्याचदा पेशंटच्या पोटावर ठेवली जाते. मग पिशवीतली लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाऊ शकते. पिशवी कायम खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि रोज राउंडला विचारायचं, "सर, ही नळी आज काढायची का?" गरज संपलेली नळी काढणं हा मला सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो.

पण एकट्या नर्सच्या काळजीने सगळं भागत नाही. ऑगस्ट 2017मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात 55 नवजात बाळं दगावली, अशी बातमी आली. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं फार उशिरा आणली जातात, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. पण बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या (इन्क्युबेटर) 18 होत्या आणि एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कमी दिवसांच्या बाळाची कातडी कागदासारखी पातळ असते. शेजारी दुसरं बाळ आणि सिस्टर एकटी असेल, तर तिने कितीदा हात धुवायचे?

हिशेब करून बघा. हँडरबने, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने, हात नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. दहा पेशंट आणि प्रत्येकाला पाळीत दहादा हात लावायचा, म्हणजे शंभर वेळा हात चोळायचे. त्यातच जवळपास पाऊण तास जातो. भिंतीवर पाट्या लावून तो पाऊण तास मिळत नाही, त्यासाठी माणसं नेमावी लागतात.

पेशंटला भेटायला आलात की कॉटवर बसू नका, हात लावण्याआधी आणि नंतर हँडरब वापरा. आम्ही हात चोळताना दिसलो नाही तर बेधडक विचारा. आणि भरती करतानाच हेही विचारा, की रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात.