सिसिलीची मत्स्य-शेवई : अर्ध्या तासाचे पाकशास्त्र

सायंकाळची साडेसहाची वेळ ही पुष्कळशा घरांतून एक लहानशी कसोटीची वेळ असते. आई कचेरीतून दमून आलेली असते, वडिलांची बस अजून यावयाची असते, आणि मुलांनी भुकेचा धोशा लावलेला असतो. एकदा वर्गात मी सहज विचारले, "आई घरी येईपर्यंत तुम्ही काय करता?" एक विद्यार्थी उठून प्रांजळपणे म्हणाला, "सर, वाट पाहतो." सारा वर्ग हसला, पण मला त्या उत्तरात हसण्यासारखे काही वाटले नाही. ज्या घरात सर्वांनाच भूक लागते, त्या घरात एकटीनेच चुलीपाशी का उभे राहावे? त्या प्रश्नातूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

विद्यार्थिमित्रहो, अर्ध्या तासात चार माणसांचे पोटभर, सकस आणि रुचकर जेवण सिद्ध होऊ शकते. त्यासाठी हातचलाखी नको. कोणती क्रिया कशासाठी व कोणत्या क्रमाने करावयाची, एवढे उमजले म्हणजे पुरे. उदाहरणादाखल मी इटलीच्या दक्षिणेकडील सिसिली बेटावरचा एक पदार्थ घेतो. पालेर्मो शहराच्या परिसरात तो घरोघरी होतो. पास्ता, म्हणजे इटालियन शेवया, त्यात सार्डिन मासे आणि रानबडीशेपेचा कोवळा पाला. सार्डिन म्हणजे आपल्या गोव्यातील तारल्यांची जवळची नातलग मासळी. तेव्हा हा पाहुणा आपल्याला अगदीच परका नाही.

प्रथम या शेवयांचे कुळ पाहू. चीनमधून शेवया इटलीत मार्को पोलोने आणल्या, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नव्हे. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल् इद्रिसी या अरब भूगोलवेत्त्याने ११५४ साली पूर्ण केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळील त्राबिया या गावी शेवया मोठ्या प्रमाणावर तयार होत व जहाजांत भरून दूरदूरच्या प्रदेशांना जात, अशी नोंद आहे. अरबांचे सैन्य ८२७ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या सैन्याच्या आचाऱ्याने हाताशी आलेली मासळी आणि रानातला पाला यांतून हा पदार्थ प्रथम रांधला, अशी दंतकथा सिसिलीत सांगतात. दंतकथेला पुरावा मागू नये. मात्र या पदार्थात पडणारे बेदाणे, केशर आणि चिलगोजे पाहिले की अरबी पाककलेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पास्ता ज्या गव्हाचा करतात तो ड्यूरम गहू. 'ड्यूरम' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'कठीण' असा आहे. हा दाणा दळताना त्याचे सहजी पीठ होत नाही. पिवळसर, टणक रवा होतो. महाराष्ट्रात ज्याला बन्सी म्हणतात तो गहू आणि माळव्यातला कठिया गहू हे याच जातीचे होत. इटलीत विक्रीचा सुका पास्ता ड्यूरमच्या रव्याचाच असला पाहिजे, असा कायदा १९६७ साली झाला. यामागे शास्त्र आहे. गव्हातील ग्लूटेन नावाचे प्रथिन जाळ्यासारखे पसरते आणि पिष्टाचे कण त्या जाळ्यात धरून ठेवते. ड्यूरममध्ये हे जाळे घट्ट असते. म्हणून उकळत्या पाण्यातही शेवई आपला आकार सोडत नाही. मैद्याच्या शेवईतून पिष्ट लवकर निसटते आणि तिचा लगदा होतो. यास्तव पाकीट घेताना त्यावर ड्यूरम गव्हाचा रवा असे लिहिले आहे की नाही, हे आधी पाहावे.

ही गोष्ट मी पुस्तकातून नव्हे, फजितीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. आई चार दिवसांसाठी आली आणि दुसऱ्याच दिवशी तापाने पडली. तिला गरम काही करून घालावे म्हणून मी थंड पाण्यातच शेवया टाकल्या, वर मासळी टाकली आणि झाकण लावून पुस्तक वाचीत बसलो. अर्ध्या तासाने झाकण काढले तेव्हा आत खळ झाली होती आणि त्यात काटे तरंगत होते. आईने दोन घास खाल्ले, आणि मग हलकेच विचारले, "बाळा, शेवया टाकल्यास तेव्हा पाणी उकळत होते का रे?" तिला तापातही जे दिसले, ते मला विज्ञानाची पदवी घेऊन दिसले नव्हते.

आता साहित्य पाहू. चार माणसांस ३२० ग्रॅम पास्ता पुरतो. मासळी साफ केल्यावर सुमारे ४०० ग्रॅम भरावी. रानबडीशेप आपल्याकडे मिळत नाही. तिच्या जागी शेपूची एक जुडी घ्यावी. चव थोडी निराळी येईल. परंतु दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. याशिवाय एक मोठा कांदा, दोन चमचे बेदाणे, तितकेच चिलगोजे किंवा काजूचे तुकडे, चिमूटभर केशर, पाव वाटी तेल, आणि पोदेराकडचा शिळा पाव कुस्करून अर्धी वाटी चुरा. सिसिलीत ऑलिव्हचे तेल वापरतात. ते नसल्यास शेंगदाण्याचे चालेल.

तारले घेताना डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल आणि मांस बोटाने दाबताच वर येणारे असावे. या मासळीत तेल पुष्कळ असते. तिच्या पौष्टिकपणाचे ते एक कारण आहे, पण त्यामुळेच ती लवकर बिघडते. सकाळी घेतलेली मासळी लगेच खवले, डोके व आतडी काढून, धुऊन, शीतकपाटात ठेवावी. पोट चिरलेले तारले उताणे उघडून अंगठ्याने मधला काटा डोक्याकडून शेपटीकडे ओढला की तो सबंध निघतो. हे काम एकदा घरातल्या मोठ्यांकडून शिकून घ्यावे.

आता घड्याळ लावा. पहिल्या मिनिटाला, इतर कशालाही हात लावण्यापूर्वी, मोठ्या टोपात तीन लिटर पाणी झाकण ठेवून मोठ्या आचेवर चढवावे. सर्वांत अधिक वेळ पाणी तापण्यास लागतो; म्हणून ते काम आधी. उरलेली कामे त्या वेळाच्या पोटात बसवावयाची असतात. वेळ वाचविण्याचे सारे रहस्य एवढेच आहे.

पाणी तापत असता पावाचा चुरा चमचाभर तेलावर कढईत मंद आचेवर तांबूस भाजून बाजूला काढावा. केशर व बेदाणे अर्ध्या वाटी कोमट पाण्यात भिजत घालावेत. कांदा बारीक चिरून त्याच कढईत उरलेल्या तेलावर टाकावा आणि आच मंद ठेवावी. कांदा जळता कामा नये. तो मऊ व पारदर्शक व्हावा.

सुमारे बारा ते पंधरा मिनिटांत पाण्याला खळखळून उकळी येते. आता तीस ग्रॅम, म्हणजे पावणेदोन मोठे चमचे, मीठ घालावे. मिठाने पाणी अधिक तापते व शेवया लवकर शिजतात असा एक समज आहे. पण एवढ्या मिठाने उत्कलनबिंदू एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याइतकाही वाढत नाही. मीठ घालावयाचे ते शेवई आतून अळणी राहू नये म्हणून. त्यातले बरेचसे पाण्याबरोबरच निघून जाते. उत्कलनबिंदू खरोखर बदलतो तो उंचीने. पणजीला समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास. म्हणून तेथे शेवयांना एखादे मिनिट अधिक द्यावे.

निवडलेला शेपू त्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटे, झाकण न ठेवता, बुडवावा. भाजीतून निघणारी आम्ले वाफेबरोबर जाऊ द्यावीत. झाकण ठेवले तर ती पाण्यातच राहतात, हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि हिरवा रंग मळकट होतो. शेपू झाऱ्याने काढून, दाबून, चिरून घ्यावा. पाणी मात्र फेकू नये. त्यात भाजीचा सुवास उतरलेला असतो. सिसिलीतील गृहिणी त्याच पाण्यात शेवया शिजवितात, आणि आपणही तेच करावयाचे.

आता पास्ता टाकावा आणि पहिली दोन मिनिटे सतत हलवावे. बाहेरचे पिष्ट याच वेळी फुगून चिकट होते. पाण्यात तेल घालण्याचा उपाय निरर्थक आहे. तेल वर तरंगते, शेवया खाली राहतात. पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील तर नऊच मिनिटे शिजवावे.

या नऊ मिनिटांत कढईकडे वळावे. कांद्यावर बेदाणे, त्यांचे केशरी पाणी, चिलगोजे आणि शेपू घालावा. निम्मी मासळी घालून ती कालथ्याने मोडावी. ती रसात विरघळते. उरलेली निम्मी वर अलगद पसरून, झाकण ठेवून, तीन-चार मिनिटे मुळीच न ढवळता शिजू द्यावी.

मासळी इतक्या लवकर का शिजते? जमिनीवरच्या प्राण्याला आपल्या शरीराचा भार पेलावा लागतो. म्हणून त्याचे स्नायू चिवट ऊतींनी बांधलेले असतात. माशाचा भार पाणी पेलते. त्याच्या स्नायूंचे तंतू आखूड आणि त्यांना बांधणाऱ्या ऊती अल्प व नाजूक असतात. मांसाचा आतला भाग ६३ अंशांपर्यंत तापला की मासळी खाण्यास योग्य होते. त्यापुढे जितके शिजवावे तितकी ती कोरडी होत जाते. पांढरी, अपारदर्शक झाली आणि पाकळ्या सुटू लागल्या की थांबावे.

शेवटी शेवया चिमट्याने उचलून थेट कढईत घ्याव्यात. उकळत्या पाण्याचा जड टोप मुलांनी उचलू नये. या पद्धतीत तशी गरजही पडत नाही. टोपातील पळीभर पाणी वर घालून मिनिटभर आचेवर खालीवर करावे. तेल आणि पाणी एरवी एकमेकांपासून दूर राहतात. पण या पाण्यातील पिष्ट त्यांना एकत्र धरते आणि दाट रस शेवयांना सर्वांगी लपेटतो. वरून भाजलेला चुरा भुरभुरावा. पूर्वी सिसिलीतील गरिबांना चीज परवडत नसे. त्या जागी त्यांनी हा चुरा आणला, आणि आज श्रीमंतही तो आवडीने घेतात.

जून व जुलै महिन्यांत गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना ताजे तारले मिळणे दुर्घट. त्यांनी निराश होऊ नये. सिसिलीत मासळी घेण्याइतके पैसे नसत त्या दिवशी लोक हाच पदार्थ मासळीवाचून करीत आणि त्याला म्हणत, 'सार्डिन अजून समुद्रातच असलेला पास्ता'. आपल्या दारिद्र्याकडे पाहून असे हसता येणे, हीही एक श्रीमंतीच होय. मासळीच्या जागी फुलकोबीचे तुरे शेवयांच्या आधी त्याच पाण्यात पाच-सहा मिनिटे उकडून घातले तरी जेवण उणे होत नाही.

त्या फजितीनंतर काही महिन्यांनी आई पुन्हा आली. या खेपेस मी पाणी उकळल्यावरच शेवया टाकल्या. तिने ताट पुसून खाल्ले आणि म्हणाली, "आता तुझी काळजी नाही." परीक्षेतील कोणत्याही गुणांनी मला तसे समाधान दिलेले नाही.

तेव्हा मुलांनो आणि मुलींनो, येत्या शनिवारी वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी शेजारी उभे करून हा प्रयोग करून पाहा. दोन-तीन वेळा हात बसला की मग एखाद्या कामाच्या दिवशी, आई दाराशी येण्याच्या सुमारास, टोपातले पाणी उकळत असू द्या. तिला त्या दिवशी पिशवी खाली ठेवून नुसते बसू द्या.