वाघ दिसला नाही तरी जंगल रिकामे नसते

चंद्रपूरला जायचे ठरले की आमच्या घराघरांत मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘वाघ दिसेल ना?’ दिसला तर सहल सार्थकी लागली, नाही तर पैसे वाया गेले, असा मोठ्यांचाही हिशेब असतो. चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल मात्र एकट्या वाघाचे नाही. या हिवाळ्यात पक्ष्यांसाठी तिकडे जा, असे आम्ही सुचवतो.

ताडोबा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. सकाळची फेरी उजाडताच निघते, म्हणून फजरची नमाज अदा करूनच तयार राहावे. गाडी उघडी असते, तेव्हा मुलांना स्वेटर आणि कानटोपी हवीच. ताडोबा तलावाच्या काठी मगर ऊन खात पडलेली असते. पाण्यावरच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी अलगद चालतो, तर काठच्या झाडावर मत्स्यगरुड माशाची वाट पाहत बसतो. गाडी तलावाशी पाच मिनिटे शांत उभी करायला सांगा. येथे खाली उतरता येत नाही आणि मंगळवारी उद्यान बंद असते.

पायी हिंडण्याची हौस असेल तर गडचिरोलीतील आलापल्लीकडे वळावे. तेथील जुन्या सागवनाचा एक तुकडा जपून ठेवलेला असून 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र वनखात्याला विचारून, गावातला वाटाड्या घेऊन आणि चांगले उजाडल्यावरच निघावे. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला गेलेल्या कित्येकांचा या भागात वाघाच्या हल्ल्यात जीव गेला आहे. आपल्यासाठी जी सहल, ती त्यांची रोजीरोटी आहे, हे मुलांनाही सांगावे.

चपराळा अभयारण्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. पाणी उतरले की अशा मोठ्या नद्यांच्या पात्रात वाळूची बेटे उघडी पडतात. नदीसुरय हा पक्षी अशाच वाळूत, घरटे न बांधता अंडी घालतो. वाळूच्याच रंगाची ती अंडी पायाखाली सहज चिरडतात. एका प्रवासात सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी पिल्ले परत ठेवायला लावली. ही हदीस मुलांना सांगायला नदीकाठासारखी जागा नाही.

गडचिरोलीत पांढऱ्या पाठीची गिधाडेही आहेत. भारतात 1990 नंतर ही जात 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण निघाले डायक्लोफेनॅक, म्हणजे गुराढोरांना दिले जाणारे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी ठरावीक जागी मेलेली जनावरे ठेवण्याचा उपक्रमही राबवला. आपल्यापैकी अनेकांच्या दारी शेळ्या, गायी-म्हशी असतात. जनावर आजारी पडले तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमबद्दल विचारा. ते गिधाडांना घातक नाही. जंगल वाचवायचे काम असे आपल्या गोठ्यातूनही होते.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्लींच्या जन्माची, तर 12 तारीख डॉ. सलीम अलींच्या. मुंबईच्या मुस्लिम घरातला हा मुलगा लहानपणी पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीचे नाव विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि पुढे देशाला पक्षी ओळखायला शिकवणारा ठरला.

पवित्र कुरआनने पक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती मानले आहे. तेव्हा मुलांच्या हाती एक वही द्या आणि दिसेल त्या पक्ष्याचे नाव लिहायला सांगा. वाघ दिसला तर अल्हम्दुलिल्लाह. नाही दिसला तरी वही कोरी राहणार नाही, इन्शाअल्लाह.