मधुमेहींसाठी काय बरे : स्टेंट की बायपास?

मी डॉक्टर नव्हे. कविता लिहिणारा साधा बी.ए. माणूस. पण आमच्या खानदानात शुगर पिढीजात आहे, त्यामुळे हृदयाच्या दवाखान्यांचे जिने मी पुष्कळ चढलो आहे. तिथे विचारून आणि नंतर वाचून जे कळले, ते आज सांगतो.

वर्षानुवर्षे वाढलेली साखर रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवते. मग चरबीचे थर अनेक वाहिन्यांत, लांबवर साचतात. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर छातीत कळ येईलच असे नाही. जिना चढताना लागणारा दम, अकारण सुटणारा घाम, न जाणारा थकवा, कधी एवढीच खूण मिळते.

अँजिओग्राफीत अडथळे दिसले, की औषधांबरोबर दोन उपाय पुढे येतात. पहिला स्टेंट : अरुंद जागा फुगा फुगवून रुंद करायची आणि तिथे जाळीदार नळी बसवायची. दुसरा बायपास : छातीच्या आतली धमनी किंवा पायातली शीर जोडून रक्ताला नवी वाट द्यायची.

माझे दुल्हेभाई अँजिओग्राफीच्या टेबलावर असतानाच आतून निरोप आला, ‘तीन ब्लॉकेज आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घ्या, दहा मिनिटांत सांगा.’ आपा म्हणाली, ‘झटका आलेला नाही ना? मग आधी त्यांना बाहेर आणा. विचारून सांगू.’ तिचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

कारण याच प्रश्नावर ‘फ्रीडम’ नावाचा मोठा अभ्यास झाला. 2012 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाहून अधिक वाहिन्यांत अडथळे असलेले 1900 मधुमेही त्यात होते. पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही, स्टेंट घेतलेल्या शंभरांतील सुमारे 27 जणांना गाठून गेले. बायपासवाल्यांत हे प्रमाण 19 होते. मृत्यू अनुक्रमे 16 आणि 11. मात्र पक्षाघात बायपासमध्ये अधिक झाले : शंभरी 5, तर स्टेंटमध्ये 2 ते 3.

असे का? स्टेंट एक जागा सांभाळतो. त्याच वाहिनीत पुढेमागे नवा अडथळा झाला तर तो काय करणार? बायपास तो सगळा खराब पट्टाच ओलांडतो.

म्हणून प्रत्येक मधुमेहीने छाती उघडून घ्यावी असे नाही. ऐन झटक्यात वेळ दवडू नये. बंद वाहिनी तातडीने उघडणे हेच जीव वाचवते. एकाच वाहिनीत साधा अडथळा असेल, किंवा वय, फुप्फुसे, अशक्तपणा यांमुळे शस्त्रक्रिया झेपणारी नसेल, तर स्टेंट योग्य ठरू शकतो. पण वेळ हाती असेल, तर हृदयतज्ज्ञ आणि हृदयशल्यविशारद या दोघांचेही मत घ्यावे. तो रुग्णाचा हक्क आहे.

आणि उपाय कुठलाही करा, साचण्याची मूळ खोड त्याने जात नाही. रक्त गोठू न देणारी गोळी, स्टॅटिन, रक्तदाबाची आणि साखरेची औषधे मनाने बंद करू नयेत. 2015 नंतर साखरेच्या काही नव्या औषधांनी हृदयालाही संरक्षण मिळते असे सिद्ध झाले आहे. ती आपल्याला चालतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. तंबाखू सोडावी, रोज चालावे. नवी वाट मोकळी राहते ती एवढ्याच पथ्यावर.