चुकायचं ते आधी पडद्यावर!

परवा पंचवटीत बहिणीकडे गेले होते. भाची कॉम्प्युटरसमोर बसलेली. मी म्हटलं, "अगं, परीक्षा तोंडावर आलीय आणि गेम कसले खेळतेस?" ती हसली, "मावशी, प्रॅक्टिकल करतेय!" बाईसाहेब मायक्रोबायोलॉजी शिकतात.

मी आर्ट्सवाली. तरी खुर्ची ओढून बसले. पडद्यावरच्या काचपट्टीवर तिने माउसने आधी जांभळा रंग टाकला, मग आयोडीन. अल्कोहोलने धुतलं आणि शेवटी लाल सॅफ्रॅनिन. जांभळे राहिले ते जंतू 'ग्रॅम पॉझिटिव्ह', गुलाबी दिसले ते 'ग्रॅम निगेटिव्ह'. जंतू ओळखण्याची ही पहिली पायरी. हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये ती जगापुढे मांडली. "बघ, आपल्या नाशिकची द्राक्षं!" भाचीने दाखवलं. स्टॅफिलोकोकसचे जांभळे घड! त्याच्या नावातला ग्रीक शब्दही द्राक्षाच्या घडाचाच.

केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' उपक्रमात अमृता विद्यापीठाने केलेले असे प्रयोग इंटरनेटवर फुकट आहेत. कितीही वेळा चुका, काही सांडत नाही, कोणी रागावत नाही.

खऱ्या लॅबमध्ये मात्र अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं, की जांभळा जंतूही गुलाबी दिसतो. तिथली चूक पेशंटला भोवू शकते. लघवीची जळजळ हे आपल्या बायकांचं नेहमीचं दुखणं. बहुतेकदा ई. कोलाय हा गुलाबी दिसणारा, कांडीसारखा जंतू त्याच्या मुळाशी असतो. नेमका जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल, हे कल्चर रिपोर्ट सांगतो. त्याला दोन-तीन दिवस लागतात. आपण मात्र मेडिकलमधून मागच्याच गोळ्या आणतो. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

"मग खरी लॅब हवीच कशाला?" मी विचारलं. "मावशी, नुसतं बघून पोळी गोल होते का गं?" खरंच! पडद्यावर डोळा तयार होतो, पण पातळ थर पसरवायला, तो ज्योतीवरून बेताने फिरवायला हातच बसावा लागतो.

मैत्रिणींनो, लेक कॉम्प्युटरपुढे बसली तर ओरडण्याआधी जरा डोकावून बघा. तिच्या वाट्याची भांडी एखाद दिवस दुसऱ्या कोणी घासली तर बिघडत नाही. उद्या आपल्याच रिपोर्टमागे तिची नजर असेल!