जतच्या मुलांना ऐकू येणारा फरक

‘अबाउट’मधल्या पुसट ‘अ’बद्दल आज लिहायचं ठरलं होतं. पण जतच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आणि तो विषय पुढच्या आठवड्यावर गेला.

बाई लिहितात, परीक्षेची ‘टेस्ट’ आणि चवीचा ‘टेस्ट’ म्हणवून घेतले, तर घरी कन्नड बोलणारी मुलं दोन वेगळे उच्चार करतात आणि घरी मराठी बोलणारी मुलं दोन्ही सारखेच म्हणतात. हा योगायोग समजायचा का?

मुळीच नाही. मराठीला ‘ए’ एकच. संस्कृतातच ए आणि ओ यांना ह्रस्व रूप नाही, तोच वारसा आपण चालवला. कन्नडमध्ये मात्र ‘ए’ ह्रस्वही आहे आणि दीर्घही, आणि त्यावर अर्थ फिरतो. ‘बेळे’तला पहिला ए आखूड म्हटला तर पीक, लांबवला तर डाळ. शेतकऱ्याच्या घरात हे दोन्ही शब्द रोज लागतात, त्यामुळे मुलाचा कान शाळेत येण्याआधीच तयार झालेला असतो. ‘वेट’ म्हणजे ओलं आणि ‘वेट’ म्हणजे थांबणं, हा फरक त्याला समजावून सांगावा लागत नाही. अर्थात त्याचंही एवढ्यावर भागत नाही. चवीच्या ‘टेस्ट’मधला ए इंग्रज माणूस शेवटी इ-कडे सरकवतो, तेवढं कन्नड मुलालाही शिकावंच लागतं.

साताऱ्या-सांगलीच्या मराठी मुलांची मोठी अडचण इ-ईची. लिहिताना आपण ह्रस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना स्वराची लांबी बहुतेक वेळा त्याच्या जागेवरून ठरते. मीठ, पण मिठाला. फूल, पण फुलाला. एकाच अक्षराचा शब्द आला की आपण स्वर ताणतोच. म्हणून जहाजाच्या ‘शिप’ची मेंढी होते आणि ‘भरलेलं’ या अर्थाचा ‘फुल’ मूर्खाचा ‘फूल’ होतो. स्पॅनिश बोलणाऱ्यांना तर पाचच स्वर, आणि त्यांत ह्रस्व-दीर्घाचा भेदच नाही. ‘शिप’ त्यांनाही छळतं, शिवाय ‘बॅट’ आणि ‘बट’ यांचाही घोळ होतो. ‘बॅट’च्या बाबतीत आपण सुखी आहोत. तो स्वर आपण इंग्रजीकडून घेतला, त्याला अर्धचंद्र दिला आणि आता तो पहिलीतल्या मुलाच्याही तोंडी असतो.

मात्र ‘शिप’साठी मुलांना नुसतं ‘आखूड म्हण’ सांगू नका, कारण इंग्रजीत ई-सुद्धा आखूड होतो. ठोकण्याच्या ‘बीट’मधला ई मण्याच्या ‘बीड’मधल्या ई-पेक्षा बराच आखूड असतो, तरी तो ईच राहतो. खरा फरक जिभेच्या जागेचा आहे. ‘ई’ म्हणताना जीभ टाळूजवळ ताठ असते. तिथून ती जरा सैल सोडायची, किंचित खाली आणि मागे येऊ द्यायची. इ आणि ए यांच्या मधला जो स्वर निघेल, तो ‘शिप’चा.

बाईंना माझी विनंती आहे, की ‘टेस्ट’ची जोडी आधी कन्नड मुलांकडून म्हणवून घ्या आणि मराठी मुलांना डोळे मिटून फक्त ओळखायला सांगा. ओळखू येऊ लागल्यावरच त्यांना उच्चार करायला लावा. सीमाभागातल्या इतर शिक्षकांनीही हे करून पाहावं आणि काय आढळलं ते मला जरूर कळवावं.