आठचा आकडा काढला, पण रस्ता कधी शिकायचा?

आज बचत आणि व्याज बाजूला ठेवू. आज बोलायचंय गाडीच्या लायसनबद्दल. तुम्ही म्हणाल, हा काय गटाचा विषय झाला? तर हो, झाला. शिलाई मशीन आणि शेळ्यांसाठी कर्ज मागणाऱ्या आपल्या बाया आता स्कुटीसाठी अर्ज करतात. पशुसखीला वाड्या-वस्त्यांवर फिरायचं असतं, बँक सखीला वेळेत शाखेत पोचायचं असतं, आणि एसटी दिवसातून दोनदा. गाडी ही आता चैन राहिली नाही.

आमच्याकडच्या एका ताईंनी असंच कर्ज घेऊन स्कुटी घेतली. महिनाभर शाळेच्या मैदानात शिकल्या, रीतसर परीक्षा दिली, पहिल्याच फेरीत पास झाल्या. गटात पेढे वाटले. दोन महिन्यांनी नाशिक-वणी रस्त्यावरच्या एका फाट्यावर त्यांना पलीकडे जायचं होतं. उजवीकडून एसटी आली आणि थांबली. ताईंना वाटलं, गाडी थांबली म्हणजे रस्ता मोकळा. त्या एसटीच्या तोंडापुढून निघाल्या आणि एसटीला ओव्हरटेक करून येणाऱ्या पिकअपनं त्यांना उडवलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. ऐन द्राक्षाच्या खुड्यात चार महिने खाटेवर. मजुरी बुडाली, हप्ते थकले.

मी भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, मी आठ तर बरोबर काढला होता." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी स्वतःची परीक्षा आठवते. लायसन मी माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात काढलं. पांढऱ्या फकीने आखलेला आठचा आकडा, त्यावरून पाय न टेकता एक फेरी. माझ्या पुढच्या मुलीचा पाय टेकला, साहेबांनी तिला पुन्हा फिरवलं. माझा टेकला नाही. दोन मिनिटांत मी 'चालक' झाले. आरशात बघितलं का, इंडिकेटर दिला का, हे कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या गाडीला डावा आरसाच नव्हता.

आता आठचा आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही. कमी वेगात तोल सांभाळता येणं लागतंच. बाजारातून, गर्दीतून, चिखलातून जाताना तोच तोल कामी येतो. पण रस्त्यावर माणूस मरतो तो तोल गेल्यामुळेच, असं नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. वेग, अंतर, समोरच्याचा अंदाज. आठच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे समोरून कोणी येतच नाही.

मग कायदा काय म्हणतो? मला वाटलं होतं, कायद्यातच आठचा आकडा लिहिला असेल. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम वाचायला घेतला. वाचून मी चकित झाले. परीक्षेत काय काय करून दाखवायचं याची तिथे चांगली लांबलचक यादी आहे. वळण्याआधी आरशात पाहणं. ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणं. लेन बदलताना इशारा देणं. अचानक थांबावं लागलं तर गाडी ताब्यात ठेवून थांबवणं. चढावर गाडी थांबवून पुन्हा मागे न घसरता निघणं. सिग्नल किंवा पोलीस नसेल तिथे पायी चालणाऱ्याला आधी जाऊ देणं. रस्ता आणि रहदारी पाहून वेग कमी-जास्त करणं. म्हणजे आमच्या ताईंना जे यायला हवं होतं, त्यातलं बरंचसं १९८९ पासून कागदावर आहे. बहुतेक ठिकाणी मैदानात होते ती परीक्षा मात्र या यादीचा एक तुकडा असते.

त्यामुळे परीक्षा बदलावी का, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर असं: आधी जे लिहिलंय ते तरी बघा. त्यानंतर आपल्या रस्त्यांना लागणाऱ्या दोन गोष्टी वाढवा. एक म्हणजे रात्र. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर आला की काय करायचं, पुढे लाल दिवा नसलेली उसाची नाहीतर कांद्याची ट्रॉली उभी असेल तर ती किती लांबून ओळखायची. रात्रीची परीक्षा घेणं अवघड आहे हे मला कळतं, पण निदान हे प्रश्न तरी विचारता येतील. दुसरी म्हणजे ओझं. आपली बाई एकटी गाडी चालवते कुठे? पुढे पिशवी, मागे पोरगं, कधी टोमॅटोचा क्रेट. भरलेली गाडी ब्रेक मारल्यावर रिकाम्या गाडीइतक्या लवकर थांबत नाही, हे करूनच कळतं.

असे बदल होऊ शकतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१७ पासून परीक्षा बदलली. कोपऱ्यावरून गाडी मागे घेत वळवणं आणि रस्त्यातच गाडी उलट फिरवणं, हे जुने प्रकार परीक्षेतून काढले. परीक्षक पावलोपावली न सांगता उमेदवाराने स्वतः पाट्या पाहून किंवा नकाशाच्या यंत्रावर गाडी चालवायची वेळ १० मिनिटांवरून २० मिनिटं केली. केरळमध्ये २०२४ साली चारचाकीच्या नुसत्या 'एच'ऐवजी तिरकं पार्किंग, समांतर पार्किंग, चढावरची परीक्षा असे प्रकार आणायचं ठरलं, तर ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी संप केला आणि सरकारला काही बाबतीत सवलत द्यावी लागली. आपल्याकडे पुण्याजवळ भोसरीला चारचाकीसाठी सेन्सर लावलेला ट्रॅक आहे. तिथे गाडी रेषेला लागली की यंत्रच सांगतं. वशिला चालत नाही हे चांगलंच. पण यंत्र रेषा मोजतं. थांबलेल्या एसटीमागून काय येईल याचा विचार बाईने केला की नाही, हे त्याला कसं कळणार?

आता दुसरी बाजूही सांगते, कारण मागच्या सभेत सुरगाण्याकडच्या मावशींनी मला बरोबर पकडलं. त्या म्हणाल्या, "परीक्षा अवघड करा म्हणता, आणि नापास झालेली बाई परत नाशिकला कशी जाणार?" खरं आहे. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं, आणि तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबावं लागतं. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, घरी बोलणी. पुरुष तीनदा जाईल, बाई एकदा नापास झाली की घरचे म्हणतील, "राहू दे आता." मग ती एजंटाला पैसे देईल, नाहीतर बिनलायसनची चालवेल. म्हणून परीक्षा कडक करायची तर ती तालुक्याच्या शिबिरात, जवळ आणि बायांना जमेल अशा दिवशी घ्यायला हवी. एक केलं आणि दुसरं नाही, तर त्याचा भार बायांवरच येईल.

लायसनबाबत काही गोष्टी आपल्याला नेमक्या माहीत हव्यात. लर्निंगची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येते. १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. काही घरांत भाऊच उत्तरं टिपून देतो. भाऊ, फाट्यावर तू नसणार आहेस! लर्निंग सहा महिने चालतं, आणि निदान ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही. लर्निंगवर शिकवणारा सोडून मागे कोणाला बसवता येत नाही. आणखी एक: स्कुटीवर परीक्षा दिली तर लायसन बिनगिअरच्या गाडीचं मिळतं. त्यावर नवऱ्याची गिअरची मोटरसायकल चालवली, तर कायद्याने ती बिनलायसनचीच. काही झालं तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तेवढी रक्कम गाडीमालकाकडून मागू शकते. गाडी कर्जाची आणि तुमच्या नावावर असेल तर विचार करा.

परीक्षा बदलायची तेव्हा बदलेल. आमच्या ग्रामसंघाने तोवर एक ठरवलं आहे. स्कुटीसाठी कर्ज मंजूर झालं तरी पहिला हप्ता द्यायच्या आधी बाईने आपल्यातल्याच एका सवयीच्या ताईंबरोबर चार गोष्टी करून दाखवायच्या. फाट्यावर थांबून, पाय टेकून, दोन्हीकडे बघून, थांबलेली गाडी पुढे निघून जाईपर्यंत न निघणं. मागे माणूस बसवून ब्रेक मारणं. अंधार पडल्यावर गावच्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन येणं. आणि निघण्याआधी पदर किंवा ओढणी आत खोचून, मागच्या चाकावरची जाळी जागेवर आहे का बघणं. ही जाळी नियमानेच असायला हवी, पण गाडी धुताना काढून ठेवतात ती कायमचीच.

पहिल्या दिवशी पाच जणी आल्या. त्यातल्या तिघींकडे लायसन होतं. फाट्यावरची गोष्ट पहिल्या फेरीत एकीलाच जमली. त्या दिवशी सगळ्यांना उभं करून दाखवायला आल्या त्या आमच्या अपघात झालेल्या ताई, काठी टेकत. पिकअप कुठून आला ते त्यांनी बोटाने दाखवलं. पुढची फेरी येत्या रविवारी आहे, सकाळी सातला. आपापलं हेल्मेट घेऊन या. मागे बसणारीलाही लागतं.