पगडी फुटो, शिर वाचो

‘शिर सलामत तो पगडी पचास’ ही म्हण आपल्या परिचयाचीच आहे. सायकलच्या हेल्मेटला ती तंतोतंत लागू पडते. शिर वाचवण्यासाठी या पगडीने स्वतः मोडायचे असते, हे मात्र पुष्कळ पालकांना ठाऊक नसते.

दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. त्यासाठी सायकल वेगात असावी लागत नाही. डांबरी रस्त्यावर उघडे डोके क्षणार्धात थांबते आणि सारा मार कवटी व मेंदू यांवर येतो. हेच थांबणे किंचित लांबवायचे, एवढेच हेल्मेटचे काम.

पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार चामडी पट्ट्यांची टोपी घालीत. तिने खरचटणे टळे, आघात फारसा कमी होत नसे. १९७५ साली अमेरिकेतील बेल कंपनीने कठीण कवचाखाली पॉलिस्टायरीनच्या फेसाचा थर असलेले हेल्मेट बाजारात आणले. हा थर, म्हणजे आपला थर्मोकोल, चिरडतो आणि चिरडताना आघात गिळतो. पण तो पुन्हा फुगत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा फेस मात्र दबल्यावर बराचसा पूर्ववत होतो. म्हणून वारंवार पडण्याच्या खेळांसाठी तो वापरतात.

पडताना डोके बहुधा तिरके आपटते व गर्रकन फिरते. त्या हिसक्याने मेंदूला इजा होते. यावर स्वीडनमधील संशोधकांनी हेल्मेटच्या आत सरकता पातळ थर बसवला. ‘मिप्स’ या नावाने तो ओळखला जातो. आघाताच्या वेळी कवच डोक्यावरून थोडे सरकते आणि हिसका सौम्य होतो.

हेल्मेट घेताना ‘ईएन १०७८’ हा युरोपीय मानकाचा शिक्का पाहावा. ते कपाळ झाकणारे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा नीट आवळलेला असावा. मागे सरकलेले हेल्मेट ऐन वेळी कामाचे नाही. उसाच्या लॉरीची धडक सोसण्यासाठीही ते बनवलेले नसते. तेव्हा रस्त्यावर सावधगिरी हवीच.

आपल्या घरांतून थोरल्याची वस्तू धाकट्याला देण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. पण एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, वरून कितीही नवे दिसो, धाकट्याच्या डोक्यावर चढवू नये, अशी आमची पालकांना कळकळीची विनंती आहे. त्याचे काम करून ते मोकळे झालेले असते.